तिसरी पट्टी

"टोचतंय गं. डावीकडे, मागे."

"कालही डावीकडेच टोचत होतं," ती म्हणाली. "बस. आ कर."

नवरा तिच्या कामाच्या स्टुलावर बसला आणि त्यानं तोंड उघडलं. दंतवैद्यांना कवळ्या आणि कॅप करून देण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. शेकडो लोकांची तोंडं तिनं नुसत्या साच्यांवरून ओळखली होती. या एका तोंडाचा मात्र अलीकडे भरवसा उरला नव्हता. झोपेत दात खाणाऱ्यांसाठी असते ती पारदर्शक पट्टी तिनं त्याला करून दिली होती. पहिली चार वर्षं टिकली. दुसरी महिन्याभरात चिरली. ही तिसरी.

दुसरी चिरली ती कॅनडात स्थायिक व्हायचे कागद हातात पडल्यानंतर. हे तिनं मनात टिपून ठेवलं होतं, बोलली नव्हती.

शहरं दोन होती. एडमंटनला त्याचा थोरला भाऊ होता. घराखालचं तळघर रंगवून तयार, पलंग टाकलेला, बारक्यासाठी फ्रीजदुरुस्तीचं कामही बघून ठेवलेलं. "एवढ्या थंडीत फ्रीज हवाय कोणाला?" असं लेकीनं विचारलं तेव्हा घरभर हशा झाला होता, एक बारक्या सोडून. बारक्या म्हणजे नवराच. वय सेहेचाळीस, टाळूवर चांदणं पडलेलं, पण भावासाठी बारक्या तो बारक्याच.

हॅलिफॅक्सला ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पण तिथल्या एका दातांच्या वर्कशॉपनं तिचं काम पाहून तिला बोलावलं होतं. तिच्या नावानं पत्र आलं होतं. उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

महिनाभर घरात हवामानाचीच चर्चा चालली होती. उणे तीस बरं, की समुद्राचा वारा बरा? सासूबाई फोनवर कानटोपीबद्दल बोलत, जाऊबाई बुटांबद्दल. जो तो थंडीबद्दल बोले, जणू थंडी हीच काय ती अडचण होती. शेवटी नवरा म्हणाला, "आपली माणसं आहेत तिकडेच जाऊ. त्या लोकांना नाही म्हणून लिहून टाक."

तिनं लिहिलं होतं. दोनच ओळी, आभारासकट. ते पत्र आत्ता टेबलावरच्या लॅपटॉपवर उघडं होतं, पाठवायचं तेवढं बाकी.

आपण काहीतरी म्हणावं असं तिला दहादा वाटलं होतं. पण ती बोलली असती तर 'बायकोनं भाऊ तोडले' असं झालं असतं, आणि ते वाक्य समुद्र ओलांडून मागोमाग आलं असतं. तेव्हा तिनं ठरवून टाकलं होतं, जे म्हणायचं ते यानंच म्हणायचं. त्याच्या तोंडात आपण शब्द घालायचे नाहीत. पट्टी तेवढी घालायची.

तिनं पट्टी बसवली आणि निळ्या कागदाचा एक तुकडा त्याच्या दातांमध्ये धरला. जिथं भार जास्त, तिथं या कागदाचा डाग गडद पडतो. मग तेवढंच घासायचं.

"चाव. हॅलिफॅक्स."

तो चावला. तिनं दुसरा तुकडा घेतला.

"आता एडमंटन."

"काय पोरखेळ आहे," असं काहीसं तो पट्टीतून पुटपुटला, पण चावला.

तिनं दोन्ही कागद दिव्याखाली धरले. पहिल्यावर नेहमीचे दाब होते. दुसऱ्याला भोक पडलं होतं. तिनं ते कागद त्याच्या पुढ्यात ठेवून दिले. त्यानं ते पाहिले आणि मग उगाचच खिडकीकडे पाहिलं.

फोन वाजला. 'दादा'.

तो ताडकन उभा राहिला. थोरल्या भावाचा फोन त्यानं आजवर बसून घेतला नव्हता. स्पीकर लावायची कधी गरज पडत नसे, भाऊजींचा आवाज तसाही खोलीभर होई.

"काय रे बारक्या, कळवलंस का तिकडे, नाही म्हणून?"

"हो."

"शहाणा. तुझी किल्ली खिळ्याला लावलीय. जेवायला रोज वर यायचं, आमच्याबरोबर. आठ म्हणजे आठ."

"हो."

"आणि तिचं ते दातांचं बघू सावकाश. आधी नीट बूड तर टेका."

"हो."

पट्टी घालून बाकीचे शब्द धड उमटत नाहीत, 'हो' तेवढा स्वच्छ येतो. हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं. या माणसाला भावापुढे पट्टीशिवायही तेवढाच येतो, हे संसारामुळे.

तिनं लॅपटॉप उचलला आणि त्याच्याकडे वळवून ठेवला. पाठवायचं बटण आता त्याच्या हाताशी होतं. दाबायचं तर त्यानं दाबावं. मग ती हाताची घडी घालून उभी राहिली.

त्यानं त्या दोन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. पलीकडून भाऊजी तळघरातल्या हीटरबद्दल सांगत होते.

त्यानं पट्टी काढली आणि तिच्यापुढे केली. तिनं घडी सोडून तळवा पसरला. पट्टी ओली होती, कोमट होती.

"बारक्या? ऐकतोयस ना? उभाच आहेस ना अजून?" भाऊजी हसले.

तो स्टुलावर बसला. पाय नीट जमिनीला टेकवले.

"नाही, बसलोय," तो म्हणाला. "दादा, मला तुझ्याकडे राहायचं नाहीये."