ओळख दाखवायची नाही

"वर्गात तू मला ओळख दाखवायची नाही हं, बाबा," असं बजावून लेकीने त्याच्याकडून शब्द घेतला होता. भिंगांचा कारखाना बंद पडल्यावर बाप पुन्हा शिकायला थेट तिच्याच वर्गात येऊन बसला, यात तिचा तरी काय दोष!

पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी त्याला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. "काय दिसतंय?"

"भिंग झकास आहे, मॅडम. एक चरा नाही." उभी हयात भिंगं तपासण्यात गेलेली.

"अहो, भिंगाकडे नाही, भिंगातून बघा. खाली कांद्याचा पापुद्रा ठेवलाय."

त्याने पाहिलं. बराच वेळ तो श्वास घ्यायचंही विसरला. मग दिलेला शब्दही विसरला.

"अगं चिमे, धाव! कांद्यात घरं आहेत, घरं!"

सगळा वर्ग खो खो हसला. चिमी लालबुंद होऊन उठली, तरातरा आली.

"सरक ना, बाबा. मला पण बघू दे."