आत्याचा मान

"नाव नकुसाच ठेव," पाळण्यापाशी आई माझ्या कानाला लागली. "तुझं ठेवलं, तर पाठीवर तुझा भाऊ आला. आता ह्याला तिसरीबी पोरगीच झालीया."

नको होते म्हणून मी नकुसा. शाळेत मास्तरांनी हजेरी घेतली की पोरं फिदीफिदी हसायची, म्हणून दुसरीतच पाटी फेकली. आज माझ्या शब्दाशिवाय माझ्या घरात चूल पेटत नाही, सुना मला टरकून असतात. तरी कुणाच्या पंगतीला बसले की वाटतं, आता कोणीतरी उठवणार. हे त्या नावानं केलं. आणि ज्या आईनं ते ठेवायला लावलं, तिचं स्वतःचं नाव काय? हौसा! तिच्या बापाला लेकीची हौस होती.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. मी वाकले, भाचीच्या कानात कुर्र केलं. बायांनी पाठीत धपाटे घातले. मी उठून मोठ्यानं सांगितलं, "हौसा!"

आई कडाडली, "अगं सटवे, जित्या माणसाचं नाव ठेवत्यात व्हय? आन् सून सासूचं नाव घेणार?"

"घेईल की. उठता-बसता घेईल."

तेवढ्यात पोर रडायला लागली. भावजयीनं तिला उचललं, सासूकडे एकदा बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव तोंडातनं काढलं, "गप गं हौसे! किती तोंड वाजवशील?"

पोरगी काही गप झाली नाही. गप झाली ती माझी आई.