गाभण असेल तर

१४ डिसेंबर १९८७, सकाळी साडेसात वाजता माकुणसारला जमुनाच्या अंगणात माणसे तीन होती आणि गाय एक. बोईसरच्या कारखान्यात फिटर असलेले नागोराव नवे दावे हातात घेऊन गुरांच्या डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत होते. गाय गाभण असेल तरच घ्यायची, हा त्यांचा बेत पक्का होता. हात घालून तपासायचे तर आणखी महिनाभर थांबावे लागले असते, म्हणून त्यांनीच आग्रह धरून गाईचे रक्त मुंबईला तपासणीस पाठवायला लावले होते. घरी त्यांच्या पत्नी रत्नाबाईंनी गोठा सारवून ठेवला होता.

डॉक्टरांनी कागद उलगडला. "गाभण दिसते आहे."

नागोराव दावे घेऊन पुढे झाले, तशी जमुना आडवी आली.

"दावं कुठं लावता, भाऊ? गाभण गाय आमी दारातून काढत नाय."

"अहो, निकाल आला की देते, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हनले होते. रिकामी निघाली असती तर दिली असती."

"रिकामी गाय मी कशाला नेली असती?"

जमुना गाईच्या पाठीवर हात टाकून हसली. "मंग बिचारीचं रगत काढलं कशाला?"

डॉक्टर घाईघाईने कागदाची घडी घालू लागले. नागोरावांनी हातातले दावे खुंटीला अडकवले.

"राहू द्या. वासराला होईल."

"चीक न्यायला या मंग," जमुना म्हणाली.

श्रावणात जमुनाच्या दावणीला गुरे होती दोन.