आरशावरची वाफ

आरशावर वाफ आली नाही.

मावशींनी तो गाऊनला पुसला आणि पुन्हा डॉक्टरांच्या नाकाशी धरला. दाढा बघायचा, लांब दांडीचा इवलासा आरसा. भूल दिलेल्या माणसाच्या नाकाशी तो धरून बसायचं, ही दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस म्हणून त्यांची बावीस वर्षांची सवय. श्वास बाहेर पडला की काच धूसर व्हायची, मग निवळायची. डॉक्टर त्यावरून त्यांची टर उडवायचे. "केस किती पिकले ते बघता होय, मावशी?" असं म्हणायचे आणि पुढच्या दाढेला हात घालायचे.

आज तेच डॉक्टर खुर्चीत आडवे होते. अक्कलदाढ हाडात फसली होती, महिनाभर गाल सुजला होता. दुसऱ्या कुणाच्या हाती जबडा देणार नाही म्हणून त्यांनी लेकीला बोलावून घेतलं होतं. लेक नुकतीच दातांची डॉक्टर होऊन आली होती. हुशार होती, हातही हलका होता. भुलीचं इंजेक्शन तिनंच दिलं होतं. आता ती वरून दाढेवर जोर देत होती आणि मावशी खालून हनुवटी उचलून धरत होत्या.

डॉक्टरांची छाती वरखाली होत होती. खरा चकवा तिथंच होता, कारण घशातून हवा जातच नव्हती. पाइप दुमडला तरी मोटार फिरतच राहते. बोटाला क्लिप लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनवरचा आकडा चौऱ्याण्णव झाला, मग ब्याण्णव.

"ताई, जरा थांबता का?"

"दोन मिनिटं, मावशी. दाढ हललीय."

"आकडा उतरतोय."

लेकीनं मान वर केली नाही. "बोटाची क्लिप सैल झाली असेल. खरंच उतरला असता तर मशीननं बोंब ठोकली नसती का?"

मशीन गप्प होतं. ते का गप्प आहे हे मावशींना ठाऊक होतं, पण सांगायची चोरी होती. सहा महिन्यांपूर्वी त्या अशाच मध्येच "थांबा" म्हणाल्या होत्या, आणि पेशंट ठणठणीत निघाला. हात धुता धुता डॉक्टर म्हणाले होते, "मावशी, इथं तोंड पेशंटनं उघडायचं असतं, आपण नाही." हसतच म्हणाले होते. पण त्या दिवसापासून मावशींनी मध्ये बोलणं सोडलं होतं. या वयात त्यांना दुसरीकडे काम कोण देणार?

दार आतून लावलेलं होतं. डावा हात हनुवटीखाली अडकला होता, उजव्यात आरसा होता. उठावं तर हनुवटी सुटते. बोलावं तर खुर्चीत पडलेल्या माणसाची अब्रू त्याच्याच लेकीसमोर जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एकोणनव्वद.

डॉक्टरांच्या ओठांचा रंग उतरला होता. मावशींनी आरसा थेट लेकीच्या डोळ्यांपुढे धरला. तिला हात थांबवावाच लागला. काच कोरडी ठणठणीत होती.

"मशीन बोंब ठोकणार नाही," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "मी ठोकतेय. हात काढा तोंडातून!"

लेकीनं हात काढला. मावशींनी आरसा टाकून दिला आणि जबड्याचे दोन्ही कोपरे बोटांनी पुढे उचलले. लेकीनं नळीनं घशातलं रक्त ओढून घेतलं, ऑक्सिजनचा मास्क तोंडावर दाबला. "बाबा, श्वास घ्या! बाबा!" घशात घरघर झाली. एक श्वास आला, मग एक लांबलचक. मास्क आतून धुरकटला. मावशींना रडू फुटलं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. आकडा आपल्या चालीनं एकेक पायरी चढत राहिला.

डॉक्टर पुरते जागे झाल्यावर दाढ नुसत्या बधिरीवर पाच मिनिटांत निघाली. ते उठून बसले. दातांखाली कापडाची घडी होती. त्यांनी काहीतरी विचारायला जबडा हलवला.

"तोंड उघडायचं नाही," मावशी म्हणाल्या. "अर्धा तास घट्ट दाबून धरायचं."

काय झालं ते लेकीनं सांगितलं. भुलीतलं डॉक्टरांना काहीच आठवत नव्हतं. त्यांनी कागद मागून घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'अलार्म वाजला नाही?'

"नाही ना, बाबा!" लेक म्हणाली. "मशीन बिघडलंय. आजच्या आज दुरुस्तीवाल्याला बोलावते."

डॉक्टरांनी मशीनकडे पाहिलं. बघता बघता त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मावशींकडे एकदा पाहिलं आणि नजर कागदावर वळवली. पेन हातात होतं, पण पुढं काही लिहिलं नाही. मावशींना कळलं, आता नुसतं गप्प राहिलं तरी भागेल. मशीनवर खापर फुटेल, दुरुस्तीवाला येऊन जाईल, नोकरी जागच्या जागी राहील.

त्या उठल्या, मशीनपाशी गेल्या आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. डॉक्टरांच्या बोटाची क्लिप काढताच मशीन असं किंचाळलं की बाहेर बसलेली माणसं दाराशी आली.

"मशीनला काही झालेलं नाही, ताई," मावशी म्हणाल्या. "हा आवाज ऐकून पेशंट पळतात, म्हणून डॉक्टरांनी तो बंद करायला सांगितला होता. आणि बंद केला तो मी."