एकच पाय

येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि त्यांत त्याला धरून देणाराही होता, असं रविवारच्या उपदेशात पाळक म्हणाले. थोरल्या जावेला ते फार लागलं. बाहेर पडताना तिने त्यांना गाठलं.

"एकच पाय धुतला तर चालेल का?"

"एकच का?"

"दुसरा प्लास्टरमध्ये आहे."

दुपारी ती बादली आणि टॉवेल घेऊन धाकट्या जावेकडे गेली. दोघींत नऊ वर्षं अबोला होता. धाकटीने भिंतीकडे तोंड फिरवलं, पण पाय मागे घेतला नाही. थोरली खाली बसून तो धुऊ लागली.

"पाणी गार आहे," धाकटी भिंतीलाच सांगावं तसं म्हणाली.

थोरलीने मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि ती पाणी तापवायला उठली.