रविवारची खुर्ची

रविवारी सकाळी धोंडिराम बूट पॉलिश करायला बसला की राधाचं डोकं सटकायचं. एवढा नट्टापट्टा करून कुठे परेडला जायचं होतं? जायचं होतं बोरिवलीला, वनमालाकडे.

वनमालाचा नवरा लवू आणि धोंडिराम कारगिलच्या लढाईत एकाच प्लाटूनमध्ये होते. लवूला छर्रे लागले तेव्हा धोंडिरामने त्याला पाठीवर घेऊन डोंगर उतरायला सुरुवात केली. वाटेतच लवू गेला. त्या थंडीत धोंडिरामच्या पायाची दोन बोटं गेली आणि वर्षभरात तो फौज सोडून कांदिवलीला घरी आला. आता साकीनाक्याला एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत होता. आठवड्याची एक सुट्टी, तीही वनमालाची.

सुरुवातीला राधालाही लवूचं वाईट वाटायचं. पण पंचवीस वर्षं? वनमालाला मूलबाळ नव्हतं, दिसायला चांगली होती आणि पन्नाशीतही तिचे केस काळेभोर होते. राधाचे केव्हाच पिकले होते. राधा जळायची, आणि ते कबूलही करायची.

"काय करता हो तिथे दिवसभर?"

"बसतो."

"नुसते?"

"नुसता."

"मग मीही येते."

"तू नको." ब्रश बुटावरून फिरत राहिला.

संध्याकाळी तो परतायचा आणि दुष्काळातून आल्यासारखा भाकरीवर तुटून पडायचा. राधाला त्यातही डाव दिसायचा. तिकडे जेवून आलेलं कळू नये म्हणून ही नाटकं.

परवाच्या रविवारी त्यांच्या दीप्तीला बघायला पाहुणे आले. "शनिवारी बोलव ना," असं धोंडिराम चारदा म्हणाला होता. पाहुण्यांना रविवारच सोयीचा होता. मुलाकडची मंडळी कांदेपोहे खात होती आणि मुलीचा बाप बोरिवलीत होता. "ड्यूटी आहे त्यांना," राधाने तोंड वर न करता सांगितलं.

"आई, एकदा जाऊन विचार ना सरळ," रात्री दीप्ती म्हणाली.

मंगळवारी धोंडिराम कामावर गेल्यावर राधाने बोरिवलीची बस पकडली. दुसऱ्या मजल्यावर दाराला अजून लवूच्या नावाची पाटी होती. तिने बेल दाबली.

दार एका पुरुषाने उघडलं. साठीचा, बनियन आणि लेंग्यातला, हातात लसणाचा गड्डा.

"कोण पाहिजे?" त्याने घरच्या माणसासारखं विचारलं.

आतून वनमाला आली. राधाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. ती जिन्याकडे बघत म्हणाली, "भावजी पण आलेत?"

"नाही, मी एकटीच आलेय." वाटभर घोकलेलं राधाने एका दमात बोलून टाकलं. "पंचवीस वर्षं गप्प बसले, वनमालाताई. लेकीच्या पाहुण्यांसमोर मान खाली घालायची वेळ आली माझ्यावर. आता बस झालं. माझा नवरा मला परत द्या."

वनमालाने तिला आत घेतलं आणि दाराला कडी लावली.

"हे अंबादास," ती म्हणाली. "माझे मिस्टर. कोर्टात लग्न केलं, चौदा वर्षं झाली."

राधाने आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "आमच्या ह्यांना माहितीये?"

"त्यांना कळू नये म्हणून तर हे शनिवारीच मुलुंडला बहिणीकडे जाऊन राहतात." वनमाला खाली बसली. "लवू फार संशयी होता हो. दूधवाल्याशी बोलले तरी दोन दिवस अबोला. मरताना त्याने भावजींकडून शब्द घेतला, माझ्या बायकोच्या दारात दुसरा पुरुष उभा राहता कामा नये. तेव्हापासून भावजी येतात, दाराशी खुर्ची टाकतात आणि संध्याकाळपर्यंत बसतात. पाणीसुद्धा घेत नाहीत. पहाऱ्यावर खायचं-प्यायचं नसतं म्हणे."

"तुम्ही सांगायचं ना त्यांना, येऊ नका म्हणून!"

"सांगितलं होतं एकदा. लहान पोरासारखे रडले. शब्द मोडला तर लवूला मीच मारल्यासारखं होईल, म्हणाले. पुढे बोलायची हिंमतच झाली नाही."

भांडायला आलेली राधा पदराचं टोक चुरगाळत बसली.

वनमालाने तिच्यापुढे हात जोडले.

"राधाताई, पाया पडते तुमच्या. एखादा रविवार तरी त्यांना घरी ठेवून घ्या."