करकोचा दिसला का?

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात आमच्या कचेरीतल्या संगणकाला एक जुनी खोड होती. टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, काही खिडक्या गपगुमान उघडायच्या, काही मात्र उघडताच विचारायच्या, "करकोचा दिसला का?"

हा प्रश्न पूर्वी कचेरीतले संगणक सांभाळणाऱ्या नेवेनामावशींचा. मार्चच्या एक तारखेला त्या आम्हा सगळ्यांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधायच्या आणि वसंताची वर्दी देणारा करकोचा दिसेपर्यंत सोडू द्यायच्या नाहीत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली; दोरा आम्ही अजून दर मार्चला बांधतो.

नव्या साहेबांना तो प्रश्न खटकला. "हा पोरखेळ काढून टाका."

"सोपं आहे गं," शेजारच्या टेबलावरचा ओग्न्यान मला म्हणाला. "लॉगिन करून उघडलेली खिडकी एक फाईल वाचते, साधी खिडकी दुसरी. मावशींनी ओळ एकीतच लिहिलीय."

ओळ सापडली. खाली मावशींची टीप होती: 'पोरांनो, पुसू नका.'

"पुसू?" त्यानं विचारलं. त्याच्या मनगटावर दोरा अजून होता.

"पूस," मी म्हणाले.

मग आम्ही बाकीच्या फाईलीही धुंडाळल्या. करकोच्याचं नाव कुठंच उरलं नव्हतं.

सकाळी पुलावर मला करकोचा दिसला होता. रिवाजाप्रमाणे दोरा सोडून मी फुललेल्या बदामाला बांधला होता. मावशी असत्या तर धावत येऊन सांगितलं असतं. त्या नव्हत्या, म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं.

खात्री करायला मी नवी खिडकी उघडली. उघडताच तिनं विचारलं,

"कुठं दिसला गं?"